संगणक आणि विक्रीनंतरची सेवा

व्यापारी बंधूंनो, तराजू बिघडला तर शेजारच्या पेढीवरून मागून आणता येतो. संगणकाचे तसे नाही. किर्द, खतावणी, उधारीची याद आणि मालाचा साठा ही सारी त्याच्याच पोटात असतात. शिवाय १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर शासनाशी होणारा आपला हिशेबही त्याच्याच द्वारे होऊ लागला. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यास २० तारीख चुकल्यास दररोजचे विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर सालिना १८ टक्के व्याज भरावे लागते. म्हणून संगणक विकत घेताना किमतीइतकाच विचार त्याच्या मागून येणाऱ्या सेवेचाही करावा, असे आमचे मत आहे.

येथील अरेरा कॉलोनीत, दहा नंबर मार्केटनजीक, आमच्या एका सभासद बंधूंच्या पेढीवर १८ तारखेस सकाळी संगणक सुरूच होईना. उत्पादकाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण हा लेख जाहिरात नव्हे. दूरध्वनीवर पलीकडील तंत्रज्ञाने प्रथम यंत्राच्या तळाशी चिकटवलेला अनुक्रमांक विचारला. मग वीजतार काढून सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरण्यास सांगितले, कोणता दिवा लागतो व किती वेळा आवाज होतो याची चौकशी केली. आमचे मुनीमजी काहीसे त्रासले. ‘माणूस पाठवायचा सोडून हा आम्हांसच कामाला लावतो,’ असे ते म्हणाले. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी जो अभियंता आला तो नेमका तोच भाग घेऊन आला. मुख्य पाटी बदलली गेली, हिशेबाची तबकडी जशीच्या तशी राहिली आणि २० तारखेस विवरणपत्र वेळेवर गेले.

मुनीमजींस जाच वाटलेल्या त्या प्रश्नांतच या सेवेचे इंगित आहे. अनुक्रमांकावरून यंत्र केव्हा बनले, त्यात कोणते भाग आहेत आणि हमीची मुदत कधी संपते, हे उत्पादकाच्या दप्तरी तत्काळ कळते. दिव्यांच्या व आवाजाच्या खुणांवरून दोष स्मृतीच्या पट्टीत आहे, वीजपुरवठ्यात आहे की मुख्य पाटीत, याचा अदमास येतो. असा अदमास न करता माणूस पाठविला तर तो एकदा पाहण्यास आणि पुन्हा भाग घेऊन, असा दोनदा येणार. व्यापाऱ्याचे दोन दिवस जाणार. यासाठी प्रश्नांची उत्तरे शांतपणे व खरी द्यावीत. ‘पुढील कामकाजाचा दिवस’ या शब्दांचा अर्थही करारात वाचून ठेवावा. त्यात रविवार व सुट्ट्या सहसा मोजल्या जात नाहीत आणि उशिरा नोंदविलेली तक्रार बहुधा दुसऱ्या दिवशीची धरली जाते.

आपल्या देशात या सेवेस मोल कसे आले, त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवलातील आपला वाटा कमी करण्याचे नाकारून अमेरिकेची आयबीएम कंपनी १९७८ साली येथून निघून गेली. तिची यंत्रे मात्र अनेक कचेऱ्यांत तशीच राहिली. ती चालू ठेवण्याचे काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने अंगावर घेतले. जिच्या नावातच देखभाल आहे अशी ही संस्था पुढे २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली.

त्याच रिकाम्या जागी आपल्या खानदेशातील एक नाव पुढे आले. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली; तीच पुढे विप्रो झाली. तेलातुपाच्या व्यापारातून आलेल्या या कंपनीने १९८० च्या सुमारास संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले आणि विक्रीनंतरच्या सेवेबद्दल लौकिक मिळविला. ज्या गिऱ्हाइकाने संगणक कधी पाहिलाच नव्हता, त्यास यंत्रापेक्षा यंत्रामागील माणसाचा आधार अधिक हवा होता, हे उघड आहे. २०१३ च्या अखेरीस विप्रोने स्वतःचे संगणक बनविणे थांबविण्याचे ठरविले.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगितल्या पाहिजेत. हमी यंत्राची असते, आत साठविलेल्या हिशेबाची नव्हे. मुख्य पाटी फुकट बदलून मिळेल, पण तबकडीच निकामी झाली तर खतावणी कोणी परत देणार नाही. सबब हिशेबाची दुसरी प्रत रोज संध्याकाळी वेगळ्या तबकडीवर घ्यावी आणि ती पेढीबाहेर ठेवावी. दुसरे असे की, सेवा-केंद्राचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर जो प्रथम दिसेल तो घेऊ नये. तेथे भामट्यांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. क्रमांक यंत्रासोबतच्या कागदावरून किंवा उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावा. बँकेचा सांकेतिक आकडा जो मागेल, त्याच्याशी संभाषण तेथेच थांबवावे.

सेवा चांगली मिळाली म्हणजे आपण बहुधा गप्प राहतो आणि वाईट मिळाली म्हणजे चार पेढ्यांवर सांगतो. वर सांगितलेल्या सभासद बंधूंनी त्या कंपनीस चार ओळींचे पत्र धाडले. त्यात तक्रारीचा क्रमांक, तारीख, दूरध्वनीवर बोलणाऱ्या तंत्रज्ञाचे व आलेल्या अभियंत्याचे नाव आणि काम किती वेळात झाले, एवढेच लिहिले होते. अशा पत्रात तक्रारीचा क्रमांक अवश्य लिहावा. त्यावरूनच ते काम कोणी केले याची नोंद कंपनीस सापडते.