घराचे तारे

दुकानात पंखा घ्यायला गेलात, की खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. चिठ्ठीवर तारे असतात. एकच तारा असेल तर पंखा वीज जास्त खातो. पाच तारे असतील तर तेवढ्याच वाऱ्याला वीज कमी लागते. फ्रिजवरही अशी चिठ्ठी असते. हे तारे दुकानदाराच्या मर्जीने लागत नाहीत. दिल्लीला ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो नावाची सरकारी संस्था आहे. ती २००२ साली स्थापन झाली. कोणाला किती तारे, हे तिच्या नियमांनी ठरते.

या संस्थेने २०१९ साली राहत्या घरांनाही तारे देण्याची पद्धत सुरू केली. तुम्ही म्हणाल, घर कुठं वीज खातं? खातं तर! छप्पर तापलं, की पंखा रात्रभर फिरतो. खिडकी लहान असली, की भर दुपारी दिवा लावावा लागतो. बिल पंख्याचे आणि दिव्याचे येते, पण ते वाढवते घर.

विलायतेत घर विकताना अशा दाखल्याला फार महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये २००७ सालापासून विकायच्या घराला असा दाखला घ्यावा लागतो. तेथे तारे नसतात, अक्षरे असतात. पहिले अक्षर सर्वांत चांगल्या घराला, सातवे सर्वांत वाईट घराला. दाखला दहा वर्षे चालतो. तिकडे थंडी फार. घर उबदार ठेवायला किती खर्च येईल, हे घेणाऱ्याला आधीच कळते आणि तो त्याप्रमाणे किंमत बोलतो.

आपल्याकडे घराच्या ताऱ्यांची सक्ती नाही. महाड-पोलादपूरच्या खेड्यात घर विकताना कोणी तारे मागणार नाही. मग त्याचा आपल्याला उपयोग काय? उपयोग असा, की तारे देणारे काय तपासतात ते आपण समजून घ्यावे. तेच आपण घेणाऱ्याला दाखवू शकतो.

पहिली गोष्ट छप्पर. रायगड जिल्ह्यात उन्हाळा किती कडक असतो, हे काय सांगायला हवे? मार्च २०१७ मध्ये भिरा येथे पारा ४६.५ अंशांवर गेला होता. अशा उन्हात पत्रा लगेच तापतो. महाड तालुक्यातील तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. वाचलेल्या कित्येक कुटुंबांना पुढे कंटेनरच्या घरांत राहावे लागले. लोखंडी पेटीत उन्हाळा काढणे म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

स्लॅबचे तसे नाही. तो हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. दिवसभर साठवलेली ऊब तो रात्री खाली सोडतो. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी स्लॅबच्या घरात दहा वाजता घाम येतो. सरकारच्या २०१८ सालच्या घरबांधणीच्या संहितेत छपरातून उष्णता किती आत यावी याला मर्यादा घातली आहे. नुसता उघडा स्लॅब तिच्यात बसत नाही. कोकणात पुष्कळ लोक गळती थांबावी म्हणून स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. तिच्या बाजू उघड्या असल्या, की मधून वारा खेळतो आणि स्लॅबवर ऊन पडत नाही. पावसासाठी केलेली सोय उन्हाळ्यातही कामाला येते. घर विकताना हे सांगायला मात्र लोक विसरतात. जुन्या कौलारू घराचेही तसेच. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते आणि खाली माळा असला तर ऊन खोलीपर्यंत पोचत नाही. अशा घराला ‘जुनाट’ म्हणून किंमत पाडून मागतात. ते मला पटत नाही.

दुसरी गोष्ट वारा. आपल्यासारख्या उष्ण, दमट मुलखासाठी त्याच संहितेत एक सोपे माप दिले आहे. घराच्या आतल्या जागेच्या एक षष्ठांश एवढी जागा बाहेर उघडणारी हवी. खिडक्या, झरोके आणि बाहेरची दारे धरून हा हिशेब करायचा. घर आतून ३०० चौरस फूट असेल, तर ५० चौरस फूट जागा उघडता आली पाहिजे. टेप घेऊन मोजून पाहा. समोरासमोर खिडक्या असल्या तर अधिक चांगले. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचे ऊन पडते. त्या अंगाला पडवी किंवा झाड असले तर तेही दाखवा.

आता पुराव्याकडे येऊ. घेणारा विचारतो, “बिल किती येतं?” आपण म्हणतो, “थोडंच येतं.” यावर कोण विश्वास ठेवील? वर्षाची बारा बिले दोऱ्याने बांधून त्याच्या हातात द्या. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. रुपये पाहू नका, दर बदलतात. युनिटे पाहा. शंभर युनिटांच्या पुढचे युनिट महाग पडते. म्हणून उन्हाळ्यातही घर शंभराच्या आत राहते का, हे पाहण्यासारखे आहे.

यात एक फसगत होऊ शकते. आपल्याकडची कितीतरी घरे वर्षभर कुलूपबंद असतात. माणसे मुंबईला किंवा सुरतेला असतात. शिमग्याला आणि गणपतीला तेवढे दार उघडते. अशा घराचे बिल कमी येणारच. त्यात घराचे काय कौतुक? म्हणून बिलाबरोबर घरात किती माणसे राहत होती, तेही सांगावे. घेणाऱ्याने तर ते विचारावेच.

दुसरे असे, की पंख्याचे तारे पंख्याबरोबर जातात. जुना ७५ वाटांचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिटे लागतात. ३० वाटांचा नवा पंखा नऊ युनिटांत भागवतो. पण विकणारा पंखे काढून नेणार असेल, तर ती बचत घेणाऱ्याला मिळत नाही. पंखे ठेवणार की नेणार, हे व्यवहाराआधी बोलून घ्यावे. सौरपत्रे बसवले असतील तर तेही. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवाटांसाठी ७८ हजार रुपये अनुदान ठरले. पत्रे बसवल्याचे कागद असतील तर घेणाऱ्याला दाखवावे.

घर दाखवायची वेळही नीट निवडावी. घर खरेच गार असेल, तर गिऱ्हाइकाला एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोनला बोलवा. पंखा बंद ठेवून घटकाभर बसवा. पाच ताऱ्यांची चिठ्ठी तरी याहून जास्त काय सांगणार?

मात्र तारे घराखालच्या जमिनीविषयी काही सांगत नाहीत. पाच तारे मिळालेले घरही दरडीखाली असू शकते. तळीयेनंतर आपल्या भागात घेणारा आधी मागचा डोंगर पाहतो, आणि ते बरोबरच आहे. उतारावर भेग पडली असेल, झाडे किंवा खांब कलले असतील, पावसात कुठून एकाएकी गढूळ पाणी फुटत असेल, तर विकणाऱ्याने ते लपवू नये. घर कितीही गार असले तरी. अशी खूण दिसली तर विक्री राहू द्या. आधी तहसीलदारांना कळवा आणि पावसात तेथे झोपू नका.

घर सरकारी पुनर्वसनात मिळालेले असेल, तर वाटपाच्या कागदावरील अटी आधी वाचा. अशी घरे बहुधा परवानगीशिवाय विकता येत नाहीत. बाकी घरांना सातबारा आणि घरपट्टीचा उतारा लागतो. वीजजोडणी घेणाऱ्याच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. किल्ली देण्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरपाशी जावे, त्यावरचा आकडा कागदावर लिहावा आणि खाली दोघांनीही सही करावी.