रोजचा संगणक (भाग 9) : अंगठा घेत नाही, कारण ब्राउझर बदललाय

गेल्या भागात ब्राउझरची जुळणी कशी असते ते पाहिलं. या आठवड्याचा विषय आहे ब्राउझरचा ‘अपडेट’. ‘काही सुधारणा आणि किरकोळ दुरुस्त्या’ एवढ्या एका ओळीत तो आपल्यासमोर येतो, आणि बहुतेक जण ती ओळ न वाचताच चौकट बंद करतात.

28 ऑक्टोबर 2025 रोजी गुगल क्रोमची 142 क्रमांकाची आवृत्ती बाहेर पडली. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, भूम, परंडा किंवा उमरग्यातल्या एखाद्या सेवा केंद्रावर तिचा काय परिणाम होऊ शकतो, ते पाहण्यासारखं आहे. काउंटरसमोर पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी रांग लागलेली असते. ऑपरेटर पोर्टल उघडतो, शेतकऱ्याचा आधार क्रमांक टाकतो आणि ठसा घेण्याचं बटण दाबतो. यंत्राचा दिवा लागण्याआधीच पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक इंग्रजी चौकट येते : ही साईट तुमच्या स्थानिक नेटवर्कवरची उपकरणं शोधू आणि जोडू पाहते आहे, परवानगी द्यायची का? घाईत ऑपरेटर ‘ब्लॉक’ दाबतो. त्यानंतर कितीदाही प्रयत्न केला तरी पोर्टल म्हणतं, यंत्र सापडत नाही. “अंगठा घेईना की ओ मामा, सर्व्हर डाऊन दिसतंय,” असं सांगून माणसाला उद्या बोलावलं जातं. प्रत्यक्षात सर्व्हर चालू असतो आणि यंत्रही ठणठणीत असतं. नकार ब्राउझरनं दिलेला असतो, तोही आपण सांगितलं म्हणून.

हे कसं घडतं ते समजून घेण्यासाठी ठशाच्या यंत्राचा प्रवास पाहायला हवा. यंत्र यूएसबीच्या तारेनं संगणकाला जोडलेलं असलं, तरी वेबसाईटला ते थेट दिसत नाही. मध्ये ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा छोटा प्रोग्राम असतो. आधारच्या नियमानुसार ठसा यंत्रातच सांकेतिक रूपात बंद व्हावा लागतो, आणि ते बंद पाकीट पुढे पाठवण्याचं काम हा प्रोग्राम करतो. तो त्याच संगणकावर 11100 ते 11120 या क्रमांकांच्या पोर्टपैकी एकावर कान लावून बसलेला असतो. पोर्टलचं पान ब्राउझरमार्फत 127.0.0.1 या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्याच संगणकावर, हाक मारतं : कोणी आहे का? आरडी सर्व्हिस ओ देते आणि ठसा घेतला जातो.

142व्या आवृत्तीपर्यंत ही हाक मारायला कोणत्याच साईटला आपल्याला विचारावं लागत नव्हतं. म्हणजे पीएम-किसानच्या पोर्टलला जी मुभा होती, तीच कुठल्याही अनोळखी जाहिरातीच्या पानालाही होती. 2020 मध्ये ई-बे ही प्रसिद्ध खरेदी-विक्रीची साईट विंडोजवरून आलेल्या पाहुण्यांच्या संगणकांचे पोर्ट एकामागून एक ठोठावत असल्याचं उघड झालं. व्हीएनसी, टीमव्ह्यूअर यांसारखे दुरून ताबा घेणारे प्रोग्राम चालू आहेत का, हे ती तपासत होती. फसवणूक पकडण्यासाठी असेलही, पण पाहुण्याला त्याचा पत्ता नव्हता. जून 2025 मध्ये आणखी गंभीर प्रकार समोर आला. मेटा आणि यांडेक्स या कंपन्यांची अँड्रॉइड ॲप फोनवरच्या अशाच पोर्टवर कान लावून बसत होती. ब्राउझरमध्ये उघडलेली पानं त्यांच्यापर्यंत माहिती पोचवत होती, आणि त्यामुळे कोण कोणती साईट पाहतो हे खऱ्या ओळखीशी जोडता येत होतं. युरोपातल्या संशोधकांनी हे जाहीर केल्यावर मेटानं तो प्रकार थांबवला.

आपल्याच यंत्रावर येणारी हाक आता परवानगीशिवाय जाणार नाही, हा क्रोमचा बदल म्हणूनच योग्य आहे. सेवा केंद्राच्या संगणकावर दिवसभर गावातल्या लोकांचे आधार क्रमांक, पासबुकं आणि सातबारे उघडलेले असतात. तिथे तर तो अधिकच गरजेचा आहे.

उपायही सोपा आहे. पत्त्याच्या ओळीच्या डावीकडे जे छोटं चिन्ह असतं त्यावर टिचकी मारायची, त्या साईटच्या परवानग्या उघडायच्या, ‘लोकल नेटवर्क’ या नावासमोर ‘अलाऊ’ करायचं आणि पान पुन्हा लोड करायचं. ही परवानगी फक्त त्या एका साईटपुरती असते. सरकारी पोर्टलला ती द्यावी, पण सिनेमे दाखवणाऱ्या किंवा फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्या साईटनं मागितली तर देऊ नये. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सही करणारा ‘एमसायनर’ हा प्रोग्रामही 127.0.0.1 वरच्या 1585 या पोर्टवर बसतो. त्यामुळे कर सल्लागारांच्या टेबलावरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच आहे.

तक्रार करायचीच असेल तर ती पोर्टल चालवणाऱ्यांकडे करावी लागेल. क्रोमची प्रत्येक आवृत्ती सर्वांपर्यंत येण्याआधी काही आठवडे ‘बीटा’ म्हणून उपलब्ध असते. पोर्टलची यंत्रणा तेव्हाच तपासून पानावर मराठीत दोन ओळींची सूचना लावता येते : अशी चौकट येईल, ‘अलाऊ’ दाबा. एवढं केलं तर लोहाऱ्याच्या किंवा वाशीच्या माणसाचा हेलपाटा वाचेल. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोजणाऱ्यासाठी ही दोन ओळींची सूचना मोलाची आहे.

अपडेटबद्दलचा राग मात्र आजचा नाही, आणि त्यामागे कारणही होतं. ई-निविदा भरणाऱ्या ठेकेदारांना आणि त्यांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांना जावा ॲपलेटचा काळ चांगलाच आठवत असेल. सही करण्यासाठी ब्राउझरमध्ये जावाचं जोडकाम लागायचं. ही जुनी जोडकामाची पद्धत सुरक्षित राहिली नव्हती, म्हणून क्रोमनं सप्टेंबर 2015 मध्ये 45व्या आवृत्तीत ती काढून टाकली. मार्च 2017 मध्ये फायरफॉक्सच्या 52व्या आवृत्तीनंही तेच केलं. फक्त त्या 52च्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत सोय शिल्लक राहिली. मग ‘52 टाका आणि अपडेट बंद करा’ हा सल्ला तोंडोतोंडी पसरला. काम चालू ठेवण्याचा तेव्हा तोच मार्ग होता. पुढे सहीसाठी संगणकावर बसणारे स्वतंत्र प्रोग्राम आले, जावाची गरज संपली, पण अपडेट बंद ठेवायची सवय तेवढी राहिली. आज ती सवय धोक्याची का आहे, हे एका उदाहरणावरून कळेल.

6 सप्टेंबर 2023 रोजी ॲपलचं सुरक्षा पथक आणि टोरोंटो विद्यापीठातली सिटिझन लॅब यांनी गुगलला एक दोष कळवला. दोष ‘वेबपी’ या चित्रांच्या प्रकाराशी संबंधित होता. वेबवरचे फोटो हलके राहावेत म्हणून ही पद्धत वापरतात आणि जवळजवळ प्रत्येक ब्राउझर ती वाचतो. चित्र उलगडताना ब्राउझर आधी एक तक्ता बांधतो : कोणत्या सांकेतिक खुणेचा अर्थ कोणता रंग. तक्त्यासाठी स्मृतीत किती जागा लागेल याचा जास्तीत जास्त हिशोब आधीच करून तेवढी जागा राखलेली असते. मुद्दाम वेड्यावाकड्या खुणा भरलेलं चित्र दिलं, तर तक्ता त्या जागेत मावत नाही आणि शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो. तिथे काय लिहिलं जाईल हे हल्लेखोराला ठरवता आलं, तर संगणक त्याच्या हुकमानं चालू शकतो. त्यासाठी कोणतीही फाईल डाउनलोड करावी लागत नाही, कुठेही टिचकी मारावी लागत नाही. चित्र नुसतं दिसलं की पुरे.

गुगलनं 11 सप्टेंबरला क्रोमची दुरुस्त आवृत्ती दिली आणि या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर चालू असल्याचंही मान्य केलं. दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची 117.0.1 आली. एज आणि ब्रेव्ह यांनीही पाठोपाठ दुरुस्ती केली, कारण चित्र उलगडणारा कोड सगळ्यांनी एकच वापरला होता. त्याच आठवड्यात, 15 सप्टेंबरला, उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झाल्याची राज्य शासनाची अधिसूचना निघाली. जिल्ह्यात चर्चा त्या नावाची होती आणि ते स्वाभाविकच होतं. ब्राउझरचा अपडेट मात्र कोणाच्या लक्षात येण्याजोगा नव्हता. ज्यांनी तो बंद ठेवला होता, त्यांच्या संगणकाचं दार तसंच उघडं राहिलं.

अशा दुरुस्तीच्या टिपणात कंपन्या सुरुवातीला मोजकंच लिहितात. गुगल स्पष्ट सांगतं की बहुतांश लोकांपर्यंत दुरुस्ती पोचेपर्यंत दोषाचा तपशील खुला केला जाणार नाही. तपशील लगेच छापला तर जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांवर हल्ला करणं सोपं होईल, हे त्यामागचं कारण. म्हणून टिपण जितकं त्रोटक, तितका अपडेट बिनमहत्त्वाचा, हा समज सोडून द्यायला हवा. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमच्या तंत्रज्ञांनी 2020 मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा दोषांपैकी सुमारे 70 टक्के दोष स्मृतीच्या गैरहाताळणीतून येतात. क्रोमची मोठी आवृत्ती 2021 पासून दर चार आठवड्यांनी येऊ लागली. 2023च्या ऑगस्टपासून तर सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला येऊ लागल्या, म्हणजे दोष कळल्यापासून तो बुजवेपर्यंतचा वेळ कमी झाला.

सगळ्याच दुरुस्त्या अशा तातडीच्या नसतात. फायरफॉक्समध्ये माउस एखाद्या बटणावर ठेवला की पिवळसर सूचनापट्टी दिसते. दुसरा प्रोग्राम समोर आणला तरी ती पट्टी मध्येच तरंगत राहते, अशी तक्रार 2002 मध्ये नोंदवली गेली होती. ती दूर झाली 2023 मध्ये, 119व्या आवृत्तीत. एकवीस वर्षं तक्रारवही उघडी होती, कोणालाही ती वाचता येत होती, आणि अखेर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाबाहेरच्या एका स्वयंसेवकानं ती निकाली काढली. खुल्या तक्रारवहीचा हा फायदा मोठा आहे.

काही सुधारणा आपल्याकडच्या जुन्या यंत्रांना थेट उपयोगी पडणाऱ्या आहेत. चार जीबी रॅमच्या संगणकावर पीक विमा, महाडीबीटी, सातबारा आणि ईमेल एकदम उघडलं की सगळं रखडतं. क्रोमचा ‘मेमरी सेव्हर’ न वापरलेले टॅब झोपवून ती जागा मोकळी करतो. अर्धवट भरलेला अर्ज असलेल्या टॅबला तो सहसा हात लावत नाही, आणि एखादी साईट कायम जागी ठेवायची असेल तर सेटिंगमध्ये तिचं नाव घालता येतं.

विंडोज 7 वर अजून काम करणाऱ्या केंद्रांचा प्रश्न वेगळा आहे. त्या विंडोजवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती 109. 7 फेब्रुवारी 2023 रोजी 110 आली, तेव्हापासून तिथला क्रोम जुनाच राहिला आहे. वेबपीची दुरुस्ती ज्या आवृत्तीत आली, ती या संगणकांवर बसूच शकत नाही. फायरफॉक्सची 115 क्रमांकाची दीर्घ मुदतीची शाखा 2023 नंतरही विंडोज 7 ला सुरक्षा दुरुस्त्या देत राहिली, तेवढा आधार होता. पण ती सोय तात्पुरतीच. लोकांच्या आधार आणि बँकेच्या कामासाठी असा संगणक वापरू नये, हे स्पष्ट सांगायला हवं.

राहिला प्रश्न वेळेचा. क्रोम अपडेट स्वतःहून उतरवतो, पण तो लागू होतो ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्यावर. केंद्रावर ब्राउझर दिवसेंदिवस बंदच होत नाही : पोर्टलवर लॉगिन केलेलं असतं, ओटीपी पुन्हा मागवायचा कंटाळा येतो, रात्री संगणक नुसता झोपवला जातो. अपडेट तसाच वाट पाहत पडून राहतो. मग वीज जाते, यूपीएस संपतो, आणि ब्राउझर नव्या रूपात उघडतो तो नेमका गर्दीच्या वेळी. धाराशिवसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात खरिपाच्या विम्याची गर्दी जुलैअखेरीस असते. 2023 मध्ये 31 जुलैची मुदत वाढवून 3 ऑगस्ट करावी लागली होती. अशा दिवशी नवी चौकट पहिल्यांदा समोर आली, तर ऑपरेटर गोंधळणारच.

म्हणून केंद्र चालवणाऱ्यांना विनंती आहे : आठवड्यातला एक ठरावीक वार धरा, सकाळी रांग लागण्याआधी मेनूतल्या ‘हेल्प’मधून ‘अबाउट’ उघडा, अपडेट पूर्ण करून ब्राउझर पुन्हा सुरू करा आणि स्वतःचा अंगठा लावून ठशाचं यंत्र एकदा तपासा. संगणकावर दुसरा ब्राउझरही ठेवा आणि तोही अद्ययावत ठेवा. एखाद्या पोर्टलवर काम अडलं तर तिथल्या मदत क्रमांकावर ब्राउझरचं नाव आणि आवृत्तीचा क्रमांक सांगून तक्रार नोंदवा. नुसतं ‘साईट चालत नाही’ एवढं सांगितल्यावर दुरुस्ती करणाऱ्याला शोधायला काहीच धागा मिळत नाही.