बातमी तुमची, किल्ली त्यांची

बातमीत ट्वीट एम्बेड केले, की पानावर दोन गोष्टी येतात: ट्वीटचा साधा मजकूर आणि ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) सर्व्हरवरून येणारी स्क्रिप्ट. मूळ ट्वीट डिलीट झाले, तरी पूर्वी मजकूर उरायचा. २०२२ मध्ये ट्विटरने स्क्रिप्ट बदलली आणि जुन्या बातम्यांत डिलीट झालेल्या ट्वीटच्या जागी कोऱ्या चौकटी दिसू लागल्या. संपादकांनी मात्र एका अक्षरालाही हात लावला नव्हता. लिहिणाऱ्याच्या डिलीट करण्याच्या इच्छेचा मान राखावा, हा कंपनीचा युक्तिवाद सामान्य माणसापुरता रास्त आहे. पण मंत्र्याचे जाहीर विधान हा बातमीचा पुरावा असतो. तो परक्याच्या हवाली का करावा? टीकेनंतर बदल मागे घेतला गेला, तरी अधिकार कंपनीकडेच राहिला. म्हणून विधान बातमीतच शब्दशः द्यावे, स्क्रीनशॉट जपून ठेवावा. एम्बेड फक्त जोडीला असावे.