कुळाला न विचारता

पॅलेस्टाईनचा प्रश्न निघाला की त्याची सुरुवात इब्राहिमाच्या दोन पुत्रांपासून करण्याची पद्धत पडून गेली आहे. ज्यू आणि अरब हे जन्मजात वैरी, त्यांचे हाडवैर हजारो वर्षांचे, तेव्हा तिऱ्हाइताने त्यात डोके घालण्यात अर्थ नाही, असे म्हणून चांगला सुशिक्षित मनुष्यही वर्तमानपत्र मिटून ठेवतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्लेखोरांनी इस्रायलमध्ये शिरून सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्यखात्याच्या मोजणीप्रमाणे, तेथील साठ हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दिवसांतही आपल्याकडील पुष्कळ चर्चांत हेच पालुपद ऐकू आले. ते सोयीचे आहे, पण खरे नाही. १४९२ साली स्पेनने हाकलून दिलेल्या ज्यूंना आश्रय दिला तो तुर्कस्तानच्या मुसलमान सुलतानाने. बगदाद, कैरो, दमास्कस या शहरांत ज्यू शतकानुशतके नांदले. बरोबरीच्या दर्जाने नव्हे, प्रसंगी जाचही सोसून, पण ख्रिस्ती युरोपात त्यांच्या वाट्याला जे आले त्या मानाने हे आयुष्य सुसह्यच म्हटले पाहिजे. आज ज्या झगड्याने जग हैराण आहे त्याचे वय फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचे. त्याची मुळे शोधावयाची तर जमिनीची दप्तरे चाळावी लागतात.

दप्तरांचा हा व्यवहार १८५८ सालचा. त्या वर्षी तुर्की सरकारने जमीन मालकाच्या नावे नोंदविण्याचा कायदा केला. पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्याला नोंद म्हणजे दोन संकटांना आमंत्रण वाटे: एक सारा, दुसरी सक्तीची लष्करभरती. त्याने आपले नाव चढू दिले नाही. ते चढले शहरातल्या प्रतिष्ठिताचे, सावकाराचे, बैरुतच्या व्यापाऱ्याचे. काही ठिकाणी तर सरकारनेच गावेच्या गावे अशा धनिकांना विकून टाकली. शेतकरी पूर्वीप्रमाणेच नांगर धरीत राहिला. कागदावर जमीन कोणाची का असेना, मालक बदलल्याने कूळ उठत नाही, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. खोत आणि कूळ यांचे नाते ज्यांनी कोकणात पाहिले आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

हा अनुभव प्रथम खोटा ठरला त्या गावांपैकी नाझरेथजवळचे अल्‌-फुला हे एक. १९१० साली बैरुतच्या सुरसुक घराण्यातील मालकाने या गावची दोन हजार एकरांहून अधिक जमीन ज्यू वसाहतसंस्थांना विकली. नाझरेथचा अंमलदार शुक्री अल्‌-असली याने खरेदीपत्र नोंदविण्यास नकार दिला, वरिष्ठांशी भांडण मांडले, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले. शेवटी वरिष्ठांचा हुकूमच चालला. कुळे उठविली गेली आणि १९११ साली तेथे मेरहाविया ही वसाहत उभी राहिली. आता या गोष्टीतली खरी गुंतागुंत पाहा. नवा घेणारा खंड खाणारा जमीनदार नव्हता. आपली जमीन आपणच कसावी, दुसऱ्याच्या श्रमावर जगू नये, शतकानुशतके शेतीपासून तोडल्या गेलेल्या आपल्या जातीने पुन्हा मातीत हात घालावा, अशा ध्येयाने भारलेली ती तरुण मंडळी होती. एरवी ज्या ध्येयवादाला आपण मान तुकविली असती त्यानेच येथे कुळाच्या पोटावर पाय आणला. जुना मालक लोभी होता म्हणून त्याला कूळ हवे होते. नवा निःस्वार्थी होता म्हणून त्याला ते नको होते. १९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियमही असाच होता. घेतलेली जमीन पुन्हा विकावयाची नाही, ती ज्यूंनाच खंडाने द्यावयाची आणि ज्यूंच्याच श्रमाने कसावयाची.

ही माणसे हौसेने आली नव्हती. १८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्याचे खापर ज्यूंवर फुटून दक्षिण रशियात गावोगाव त्यांची घरे लुटली गेली. १९०३ साली किशिनेव्हमध्ये त्याहून भयंकर प्रकार घडला. हे मागासलेल्या रशियात झाले म्हणावे, तर क्रांतीचे माहेरघर जे पॅरिस तेथेही १८९४ साली कॅप्टन ड्रेफसवर खोटा आरोप ठेवून त्याला शिक्षा झाली. त्या खटल्याची वार्तापत्रे पाठविणारा व्हिएन्नाचा पत्रकार थिओडोर हर्झल याने १८९६ साली ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची कल्पना पुस्तकरूपाने मांडली आणि पुढच्याच वर्षी बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरविली. रशिया सोडणाऱ्या लाखो ज्यूंपैकी बहुसंख्य अमेरिकेला गेले. पॅलेस्टाईनकडे वळले ते मूठभर.

त्या भूमीत आधीच माणसे राहतात, हे कोणी सांगितले नाही असे मात्र नाही. झायोनिस्टांपैकीच एक, अहद हाआम या नावाने लिहिणारा विचारवंत, १८९१ साली तेथे जाऊन आला आणि देश ओसाड नाही, अरब मूर्ख नाहीत, असा स्पष्ट इशारा त्याने आपल्या लोकांना दिला. १८९९ साली जेरुसलेमचे एक माजी नगराध्यक्ष युसुफ दिया अल्‌-खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य राब्बीला पत्र लिहिले आणि ते हर्झलपर्यंत पोहोचले. या भूमीशी ज्यूंचे असलेले ऐतिहासिक नाते खालिदी यांनी उदार मनाने मान्य केले होते. मात्र येथे दुसरे लोक वस्ती करून आहेत, तेव्हा दुसरी एखादी जागा पाहा आणि पॅलेस्टाईनला सुखाने राहू द्या, अशी त्यांची विनवणी होती. हर्झलचे उत्तर सौजन्यपूर्ण होते: ज्यूंच्या भांडवलाने आणि बुद्धीने तेथील लोकांची भरभराट होईल, त्यांच्या मालमत्तेच्या किमती वाढतील. तुम्ही आमचे घर घेणार का, या प्रश्नाला घराचा भाव वाढेल हे उत्तर होऊ शकते काय? तरीही हे पत्र आणि हे उत्तर हाच या दोन समाजांमधला त्या काळचा सर्वांत सभ्य संवाद म्हणावा लागतो.

तोवर हा एका कोपऱ्यातला जमिनीचा तंटा होता. त्याचे राष्ट्रांच्या झगड्यात रूपांतर केले ते पहिल्या महायुद्धाने आणि ब्रिटिश मुत्सद्देगिरीने. तुर्कस्तानविरुद्ध अरबांनी उठावे म्हणून १९१५-१६ साली मक्केच्या शरीफ हुसेनला अरब स्वातंत्र्याची आश्वासने दिली गेली. त्यांत पॅलेस्टाईन धरले होते की नाही यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. १९१६ च्या मे महिन्यात हाच मुलूख फ्रान्सबरोबर गुप्तपणे वाटून घेण्याचे ठरले. आणि २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बॅलफोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना ते प्रसिद्ध पत्र धाडले. त्यातील जाहीरनामा मुळात सदुसष्ट इंग्रजी शब्दांचा आहे, आणि शब्दांचा कीस काढण्याची शिक्षकी सवय असलेल्याने तो एकदा नीट वाचावा. ज्यू लोकांसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभारण्यास सरकार अनुकूल आहे. मात्र पॅलेस्टाईनमधील ‘ज्यूतर जमातीं’च्या नागरी व धार्मिक हक्कांना आणि इतर देशांतील ज्यूंच्या हक्कांना व राजकीय दर्जाला बाध येऊ नये. लोकसंख्येचा नऊ-दशांश भाग असलेल्या अरबांचे त्यात नावही नाही. आणि ‘राजकीय’ हा शब्द इतर देशांतील ज्यूंसाठी आहे, पॅलेस्टाईनच्या अरबांसाठी तो गाळलेला आहे. हेच बॅलफोर पंतप्रधान असताना, १९०५ साली, पूर्व युरोपातील ज्यूंचा लोंढा अडविण्यासाठी परकीयांवर निर्बंध घालणारा कायदा ब्रिटनने केला होता, हेही लक्षात ठेवावे.

या घोषणेला मंत्रिमंडळात कडवा विरोध केला तो त्यातल्या एकमेव ज्यू मंत्र्याने, आणि ते गृहस्थ आपल्या चांगल्या परिचयाचे आहेत: भारतमंत्री एडविन माँटेग्यू. २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा करणारे माँटेग्यू त्याच महिन्यात आपल्या सहकाऱ्यांना बजावीत होते की, ज्यूंचे घर पॅलेस्टाईनमध्ये आहे असे एकदा जाहीर झाले की प्रत्येक देश आपल्या ज्यूंना परके ठरवील. बॅलफोर यांचे पत्र निघाले तेव्हा माँटेग्यू हिंदुस्थानच्या वाटेवर होते.

राष्ट्रसंघाने १९२२ साली पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटनकडे सोपविला. त्या वर्षीच्या शिरगणतीत साडेसात लाखांपैकी ज्यू होते सुमारे ८४ हजार. तेथील लोकांना काय हवे ते विचारावयास अमेरिकेचे किंग-क्रेन मंडळ १९१९ साली जाऊन आले होते. झायोनिस्ट कार्यक्रमाला मोठी कात्री लावावी, असा त्याचा अभिप्राय पडला आणि तो बासनात गेला. १९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीवरील हक्कांवरून दंगल पेटली आणि हेब्रॉनमध्ये साठांहून अधिक ज्यू कापले गेले. ते झायोनिस्ट वसाहतवाले नव्हते, त्यांतील अनेक घराणी कैक पिढ्यांपासून अरबांच्या शेजारात राहणारी होती. काही अरब शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन कित्येक ज्यूंना आपल्या घरांत लपविले हेही खरे; परंतु त्या दिवसानंतर मवाळांचे ऐकणारा दोन्ही बाजूंना क्वचितच उरला.

यापुढचे चार सन एका ओळीत मांडले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. १९२४: अमेरिकेने पूर्व युरोपातून येणाऱ्यांना दार जवळजवळ बंद केले. १९३३: जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. १९३५: एका वर्षात साठ हजारांहून अधिक ज्यू पॅलेस्टाईनमध्ये उतरले. १९३८: एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी ज्यू निर्वासितांसाठी जमले आणि बहुतेकांनी सहानुभूती व्यक्त करून आपली असमर्थता सांगितली. ज्या मोठ्या देशांना ही माणसे सहज सामावून घेता आली असती त्यांनी दारे लावून घेतली, आणि आसरा देण्याचे कर्तव्य एका लहानशा, परतंत्र प्रदेशाच्या गळ्यात पडले. अरबांनी १९३६ मध्ये बंड पुकारले. तीन वर्षांत ब्रिटिशांनी ते निर्दयपणे चिरडले. १९३७ साली पील आयोगाने प्रथमच फाळणी सुचविली. १९३९ साली सरकारने उलटा सूर लावून पाच वर्षांत केवळ ७५ हजार ज्यूंना प्रवेश देण्याचे ठरविले, आणि तेही नेमके युरोपातील मृत्यूचा सापळा मिटत असताना! अरब पुढारी हज अमीन अल्‌-हुसेनी महायुद्धात बर्लिनला जाऊन हिटलरच्या प्रचारकार्यात सामील झाले, यानेही त्यांच्या लोकांची बाजू जगाच्या नजरेतून उतरली.

गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले की इंग्लंड जसे इंग्रजांचे तसे पॅलेस्टाईन अरबांचे, आणि जर्मनीतील ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग सांगितला. पहिल्या विधानात न्याय होता. दुसऱ्यात, आमच्या नम्र मते, हिटलरची ओळख पुरेशी नव्हती. तत्त्ववेत्ते मार्टिन बूबर यांनी जेरुसलेमहून त्यांना सविस्तर उत्तर लिहिले, की येथे दोन हक्क एकमेकांपुढे उभे आहेत आणि त्यांची सांगड घालणे हेच काम आहे. एका देशात दोन राष्ट्रांनी बरोबरीने राहावे म्हणणारे बूबर आपल्या लोकांत अल्पमतात राहिले.

साठ लाख ज्यूंच्या संहारानंतर प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे आला. त्याच्या अकरा सदस्यांच्या समितीत भारताचे सर अब्दुर रहमान होते. फाळणीचे घाव ताजे असलेल्या भारताने इराण व युगोस्लाव्हियासह संघराज्याची योजना मांडली. ती ना ज्यूंना रुचली ना अरबांना. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी तेहेतीस विरुद्ध तेरा मतांनी फाळणी मंजूर झाली, भारताने विरुद्ध मत दिले. लोकसंख्येत एक-तृतीयांश आणि जमिनीच्या मालकीत सात टक्क्यांच्या आसपास असलेल्या ज्यूंना निम्म्याहून अधिक प्रदेश मिळाला, आणि त्या प्रदेशात चार लाखांहून अधिक अरब राहत होते. ज्यूंनी योजना स्वीकारली, अरबांनी नाकारली. यादवी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. ९ एप्रिल १९४८ रोजी देर यासिन येथे ज्यू दहशतवादी संघटनांनी बायकापोरांसह सुमारे शंभर गावकरी मारले. चारच दिवसांनी जेरुसलेममध्ये रुग्णालयाकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला करून सत्तरांहून अधिक ज्यू डॉक्टर, परिचारिका व इतरांना ठार केले. १४ मे रोजी इस्रायलची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी अरब फौजा आत शिरल्या. १९४९ च्या तहकुब्यांनंतर जुन्या पॅलेस्टाईनपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमी इस्रायलकडे होती आणि सात लाखांच्या आसपास अरब, काही भीतीने पळालेले, काही बंदुकीच्या धाकाने हाकललेले, सरहद्दीपार छावण्यांत पडले होते.

इस्रायलने १९५० साली दोन कायदे केले. एकाने गेलेल्यांची घरेदारे ‘गैरहजर मालकां’ची म्हणून सरकारी ताब्यात आली. दुसऱ्याने जगातील कोणत्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. या दुसऱ्या कायद्याच्या आधारे इराक, येमेन, मोरोक्को येथील लाखो ज्यू आले. इराकचे तर जवळजवळ सगळे, तेथील जीवन असह्य झाल्यामुळे. आणि आपल्या कोकणचे बेने इस्रायलही गेले. शनिवार पाळणारे तेली म्हणून गावात ओळखले जाणारे, मराठी बोलणारे हे लोक. त्यांना येथे धर्मासाठी कोणी छळले नव्हते. तिकडे त्यांनी मराठी टिकविली, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढले. त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे अश्दोद शहरात स्थायिक झाली. हे शहर १९५६ साली वसले ते इस्दुद नावाच्या अरब गावापासून काही किलोमीटरवर. त्या गावचे साडेचार हजारांहून अधिक अरब १९४८ च्या ऑक्टोबरापर्यंत गाव सोडून गेले. बहुतेक गाझाकडे, आणि त्यांची नातवंडे-पतवंडे तेथेच वाढली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातून सुटलेले अग्निबाण अश्दोदवर येत होते आणि इस्रायली विमाने गाझावर बाँब टाकीत होती. या दोन शहरांमधील अंतर बोरीबंदर ते ठाणे याहून फारसे अधिक नाही.