दात रोवण्यापूर्वी जबड्याचा फोटो

"डॉक्टर, एक फोटो काढून झाला, आता दुसरा कशाला?" इम्प्लांट म्हणजेच 'स्क्रूचा दात' बसवायला निघालेले रुग्ण मला हे हमखास विचारतात. दंतवैद्याने सीबीसीटी सांगितलेला असतो आणि खर्च पटतो की नाही हे विचारायला माणूस येतो घरच्या डॉक्टरकडे.

इम्प्लांट हा टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पण स्क्रूला धरायला हाड हवे. दात काढल्यावर तेथील हाड झिजू लागते, आणि उंचीपेक्षा रुंदीने अधिक झिजते. नेमकी ही रुंदीच ओपीजी या नेहमीच्या मोठ्या फोटोत दिसत नाही. भिंतीच्या समोरून काढलेल्या फोटोत उंची कळेल. भिंत नऊ इंची की साडेचार इंची, हे कसे कळणार? सीबीसीटीत यंत्र डोक्याभोवती फिरते आणि हाडाचे आडवे-उभे काप संगणकावर मिलिमीटरमध्ये मोजता येतात.

खालच्या जबड्यात मागच्या दाढांखालून एका नळीतून मज्जातंतू जातो. त्याच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखावे लागते. त्याला इजा झाली तर ओठ व हनुवटी बधिर होते, चहा ओघळला तरी कळत नाही; काहींचा बधिरपणा कायमचा राहतो. वरच्या बाजूला मागे सायनसची पोकळी असते. म्हणून मागची दाढ असेल, किंवा दात पडून वर्षे लोटली असतील, तर मी म्हणतो, फोटो काढाच. किरणांचे प्रमाण ओपीजीपेक्षा जास्त, पण साधारणपणे सीटी स्कॅनपेक्षा कमी असते. गरोदरपण असल्यास आधी सांगावे.

आमच्या भिवंडीत एक वेगळीच अडचण. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेले लोक इथे कमी नाहीत. फोटोत हाड उत्तम, पण तोंडात दोन बोटे जात नाहीत, तिथे ड्रिल कुठून जाणार? असे तोंड आधी तपासून घ्यावे. तो आजार कर्करोगाकडेही झुकू शकतो.

फोटोत साखरही दिसत नाही. आणि हाडे ठिसूळ होतात म्हणून आठवड्याला घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू असेल, तर तेही दिसत नाही. या औषधांवर असताना जबड्याची जखम क्वचित भरत नाही, हाड उघडे पडते. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आमच्या आजीबाईंना 'औषध' वाटतच नाही, त्यामुळे त्या सांगत नाहीत. फोटोच्या सीडीबरोबर गोळ्यांची पाकिटेही पिशवीत घालून दंतवैद्याकडे न्यावीत.