साक्षांकन नमुना आणि चौथे शील

निवडयादीत नाव झळकले की घरी पेढे वाटले जातात. तथापि शासकीय सेवेची एक पायरी त्यानंतरही शिल्लक असते, ती चारित्र्य पडताळणीची. जळकोट परिसरातील अनेक मुले-मुली पोलीस, केंद्रीय राखीव पोलीस दल, न्यायालयीन सेवा यांसाठी परिश्रम घेत आहेत; म्हणून पालकांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतात. कधी अटक झाली होती काय, खटला चालला काय, दंड अथवा शिक्षा झाली काय, असे प्रश्न त्यात असतात. तो नमुना पोलिसांकडे जातो. शिक्षणासाठी लातूर, नांदेड वा पुण्यास राहिलेल्या उमेदवाराची चौकशी तेथेही होऊ शकते.

बांधावरचे भांडण, मिरवणुकीतील बाचाबाची अशी प्रकरणे गावात सामोपचाराने मिटतात आणि ‘मिटले म्हणजे पुसले’ असे आपण समजतो. गुन्ह्याची नोंद मात्र राहते. तडजोडीने झालेली सुटका म्हणजे निष्कलंकत्वाचा दाखला नव्हे; विशेषतः पोलीस दलात अशा सुटकेनंतरही नियुक्ती नाकारता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले.

‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या २०१६ च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयाची सूत्रे एकत्र मांडली. माहिती खरी असली पाहिजे. ती दडवणे हेच नियुक्ती रद्द होण्याचे स्वतंत्र कारण ठरू शकते. मात्र कोवळ्या वयातील घोषणाबाजीसारखा क्षुल्लक प्रकार असेल, तर ती चूक माफ करण्याचा विवेक अधिकाऱ्याला आहे. नामांतर आंदोलनात ज्या घरांतील तरुणांवर गुन्हे नोंदले गेले, त्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

खरे सांगितल्याने मार्ग निष्कंटक होतोच असे नाही. महाराष्ट्रात २००९ मध्ये न्यायिक सेवेसाठी निवडल्या गेलेल्या एका तरुण वकिलाने जुना खटला व त्यातील २००४ ची निर्दोष मुक्तता स्वतःहून कळवली होती. तरी पुढील वर्षी त्याची निवड रद्द झाली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उमेदवारीचा फेरविचार करण्याचा आदेश दिला. मधली आठ वर्षे त्याला कोण परत देणार? पण त्याने लपवले असते, तर न्यायालयापुढे उभे राहण्यास त्याच्यापाशी आधारच उरला नसता.

अंबलट्ठिका येथे तथागतांनी राहुलास पात्रातील उरलेले थोडेसे पाणी दाखवले. जाणूनबुजून असत्य बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रामण्य तेवढेच अल्प, असे सांगून त्यांनी थट्टेतही खोटे बोलू नये, ही शिकवण दिली. सम्राट अशोकाने भाब्रू शिलालेखात हाच राहुलोपदेश आवर्जून वाचावयास सांगितला आहे. आपण वंदनेत रोज उच्चारतो ते चौथे शील हेच.

घरात एखादे जुने प्रकरण असल्यास निकालपत्राची प्रमाणित प्रत आजच मिळवून ठेवावी. नमुना इंटरनेट केंद्रातील मुलाकडून घाईने भरून घेऊ नये; स्वाक्षरीपूर्वी प्रत्येक प्रश्न स्वतः वाचावा, आणि शंका असल्यास वकिलास किंवा शासकीय सेवेतील आपल्या एखाद्या माजी विद्यार्थ्यास विचारावे.