गोळीचा गुण

खटाव तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या कमरेच्या पिशवीत, सुपारीच्या खांडांबरोबर, गोळ्यांच्या स्ट्रिपचा एक तुकडा होता. चार गोळ्यांचा. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेला. औषधाचं नाव दुकानातल्या उरलेल्या भागावर राहिलं होतं. चंदेरी कागदावर शेवटची दोन अक्षरं आणि अर्धवट तारीख, एवढंच आत्याकडे आलं होतं. "कसली गोळी गं ही?" विचारलं तर म्हणाली, "डोस्क्याची हाय. खाल्ली की झोप लागती." तीन वर्षं ती बाजाराच्या दिवशी चार-पाच गोळ्या आणत होती. जेवण जात नव्हतं, शेळ्यांकडे बघावंसं वाटत नव्हतं, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात कोइमतूरला गेलेल्या मुलाचा फोन आला तरी दोन शब्दांत ठेवून द्यायची. शोध घेतला तेव्हा कळलं की ती अल्प्राझोलाम होती, म्हणजे घाबरेपणाची, झोपेची गोळी. नैराश्यावरचं औषध तिला या तीन वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं. पहिल्यांदा चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी नैराश्य हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता.

सातारा-सांगलीत नैराश्याच्या औषधांवर बोलायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातली भारी गोळी कुठली? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं बऱ्यापैकी उत्तर आज आपल्या हाती आहे. ऑक्सफर्डच्या आंद्रेआ सिप्रियानी यांनी जगभरातल्या सहकाऱ्यांना घेऊन 522 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत 1,16,477 प्रौढ रुग्ण होते, औषधं 21 होती. 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला तो असा की सगळीच्या सगळी 21 औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा, सरस ठरली. प्लासिबोशी तुलनेत वरच्या टोकाला अमिट्रिप्टिलीन होतं, खालच्या टोकाला रेबॉक्सेटीन. औषधांची आपापसांत तुलना केली तेव्हा एस्सिटॅलोप्रॅम, मिर्टाझापीन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सिन, अ‍ॅगोमेलाटीन, व्हॉर्टिऑक्सेटीन आणि पुन्हा अमिट्रिप्टिलीन ही मंडळी पुढच्या रांगेत आली. फ्लुऑक्सेटीन आणि ट्रॅझोडोन मागे राहिली.

पण गोळी लागू पडणं वेगळं आणि ती सोसणं वेगळं. त्याच अभ्यासात फ्लुऑक्सेटीन सोसायला सगळ्यांत सोप्या औषधांत निघालं. अ‍ॅगोमेलाटीन आणि फ्लुऑक्सेटीन मध्येच सोडून देणाऱ्यांचं प्रमाण प्लासिबोपेक्षाही कमी होतं. क्लोमिप्रामीन सोडणारे जास्त होते. त्यामुळे पहिला-दुसरा नंबर लावून यादी खिशात ठेवायचं हे काम नाही. वरच्या रांगेतलं अ‍ॅगोमेलाटीन घ्यायचं तर यकृताची तपासणी करत राहावी लागते. तालुक्याच्या गावी ते कुणी करायचं?

त्या यादीत अमिट्रिप्टिलीन वर आहे हे वाचून आपल्याकडे कुणी खूश होईल, कारण ही गोळी सांगली-मिरजेच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि स्वस्त आहे. इथे थांबून एक गोष्ट पाहायला हवी. आपल्याकडे ती अर्धशिशीला, मुंग्यांना, अंगदुखीला 10 किंवा 25 मिलिग्रॅम दिली जाते. नैराश्यासाठी मात्र साधारण 75 ते 150 मिलिग्रॅमपर्यंत जावं लागतं. "मी तर तीच गोळी खातोय, तरी मन लागत नाही," म्हणणारा रुग्ण बहुतेक वेळा नैराश्याच्या मात्रेच्या जवळपासही पोचलेला नसतो. आणि मात्रा वाढवली की तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, वयस्कर पुरुषांची लघवी अडते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या तर जिवावर बेततं. म्हणूनच बहुतेक मनोविकारतज्ज्ञ आज सुरुवात एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन किंवा फ्लुऑक्सेटीनने करतात. मलाही तेच शहाणपणाचं वाटतं. अमिट्रिप्टिलीन, एस्सिटॅलोप्रॅम आणि फ्लुऑक्सेटीन ही तिन्ही केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत.

सरस म्हणजे किती सरस, हाही प्रश्न विचारायलाच हवा. नैराश्याची तीव्रता मोजायला 1960 साली मॅक्स हॅमिल्टन यांनी 17 प्रश्नांची मोजपट्टी केली. तिचे जास्तीत जास्त गुण 52. चाचण्यांमध्ये औषध आणि प्लासिबो यांतला सरासरी फरक या पट्टीवर साधारण दोन गुणांचा निघतो. दोन गुण ऐकले की हिरमोड होतो. पण सरासरीत पूर्ण बरे झालेले आणि अजिबात फरक न पडलेले सगळे एकत्र कालवले जातात, हे विसरता कामा नये. दुसरी बाब अशी की त्या 17 प्रश्नांपैकी तीन झोपेबद्दल आहेत आणि त्यांचे मिळून सहा गुण आहेत. झोप आणणाऱ्या गोळीला, म्हणजे मिर्टाझापीन किंवा अमिट्रिप्टिलीनला, काही गुण असे आयतेच मिळतात. झोप परत आली तर माणूस अर्धा सावरतो हे खरंच आहे, पण झोपणं आणि बरं होणं एक नव्हे. आमच्या आत्याची झोप तीन वर्षं उत्तम होती.

प्लासिबोचा गुण आपल्याला नवा नाही. आपल्याकडे त्याला हातगुण म्हणतात. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणून माणसं कराडहून मिरजेला आणि मिरजेहून कराडला जातात. चाचण्यांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास लोकांना चांगला फरक पडतो. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. यातला फरक गोळीचा. बाकीचं काम काळाचं आणि विचारपूस करणाऱ्या माणसाचं असतं. चाचणीतल्या रुग्णाला दर एक-दोन आठवड्यांनी कुणीतरी समोर बसवून झोप कशी आहे, जेवण कसं आहे, मनात काय येतं, हे विचारतं. जत किंवा आटपाडीच्या माणसाला एसटीने येऊन, रांगेत उभं राहून, दोन मिनिटांत चिठ्ठी मिळते. चाचणीत मिळालेला गुण त्याला पूर्ण मिळत नसेल तर दोष एकट्या गोळीचा कसा?

कंपन्यांनी काय केलं तेही सांगायला हवं. 2008 साली एरिक टर्नर यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या, नैराश्याच्या औषधांच्या 74 चाचण्या काढून पाहिल्या. औषधाच्या बाजूने निकाल लागलेल्या 38 पैकी 37 छापून आल्या होत्या. बाजूने नसलेल्या 36 पैकी 22 छापल्याच नव्हत्या, आणि 11 अशा रीतीने छापल्या होत्या की जणू निकाल अनुकूलच होता. हे वाचून संताप येतो. सिप्रियानींनी न छापलेली माहितीही मिळवून घातली, म्हणून त्यांच्या आकड्यांवर मी जास्त भरवसा ठेवतो. तरीही त्यातल्या बहुसंख्य चाचण्यांचा खर्च कंपन्यांनीच केला होता, आणि मोजमाप आठ आठवड्यांच्या आसपासचं होतं. आपल्याकडचे रुग्ण ही औषधं वर्षानुवर्षं घेतात.

ही सगळी औषधं जिथून सुरू झाली ती गोष्ट सांगली-मिरजेच्या माणसाला जवळची वाटावी. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावाची वानलेसवाडी आपल्याला ठाऊक आहे ती क्षयाच्या आरोग्यधामामुळे. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या अशाच एका क्षय रुग्णालयात आयसोनियाझिड आणि त्याचा भाऊबंद इप्रोनियाझिड यांची चाचणी चालली होती. खंगलेले रुग्ण खाटेवरून उठून बोलू-हसू लागले, भूक लागते म्हणू लागले. क्षयाच्या औषधाने मन उभारी धरतं हे तिथे दिसलं आणि नैराश्यावरचं पहिलं औषध त्यातूनच आलं. पुढे यकृताला इजा होते म्हणून इप्रोनियाझिड मागे पडलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांना इमिप्रामीनचा गुण दिसला. आयसोनियाझिड मात्र क्षयाच्या रुग्णांना आजही देतात.

आपल्या मुलखातल्या माणसांवर या गोळ्यांचं काय होतं? त्यासाठी जवळच्या गोव्याकडे बघावं लागतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या साध्या बाह्यरुग्ण विभागांतल्या 450 रुग्णांवर फ्लुऑक्सेटीन, प्लासिबो आणि समुपदेशन यांची तुलना केली आणि ती 2003 मध्ये प्रसिद्ध केली. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटीन प्लासिबोपेक्षा सरस ठरलं, समुपदेशन ठरलं नाही. पण या लोकांनी हात टेकले नाहीत. समुपदेशनाची रीतच बदलली. सहा ते आठ बैठका, घेणारे डॉक्टर नसलेले पण शिकवून तयार केलेले स्थानिक लोक, आणि भर एकाच गोष्टीवर: माणसाला रोजच्या कामात, नात्यात, चालण्या-बोलण्यात पुन्हा ओढून आणायचं. 2017 साली त्याचा निकाल आला. तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी 64 टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले. ज्यांना नेहमीचीच पण जरा नेटकी सेवा मिळाली, त्यांच्यात हेच प्रमाण 39 टक्के होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राहुल शिधये यांच्या चमूने केलेलं काम मला याहून मोलाचं वाटतं. तिथे नैराश्य असलेल्या लोकांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 4.3 टक्के होते, ते 27.2 टक्क्यांवर गेले. गावातल्याच माणसांनी घरोघरी जाऊन बोलल्याने हे झालं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या पाहणीत नैराश्याचे सुमारे 85 टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी माण-खटाव किंवा जत-कवठेमहांकाळ त्या राज्यांहून फार वेगळे असतील असं मानायला मला आधार दिसत नाही. शंभरातल्या 85 जणांना कुठलीच गोळी मिळत नसताना एस्सिटॅलोप्रॅम मोठं की सर्ट्रालीन, हा वाद मी दुय्यम मानतो.

साताऱ्याला या कामाची ओढ आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र इथलं, आणि डॉ. हमीद दाभोलकर मनोविकारतज्ज्ञ म्हणून इथेच काम करतात. देवऋष्याकडे जाणाऱ्या माणसाला हिणवण्यापेक्षा त्याला होणारा त्रास ओळखून दवाखान्यापर्यंत सोबत करायची, ही अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, मानसमित्रांची रीत मला योग्य वाटते. "बाहेरचं आहे" म्हणणारं घरही माणसाची काळजीच करत असतं. सोबत करून न्यायला साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील आणि सांगलीचं वसंतदादा पाटील ही सरकारी रुग्णालयं आहेत. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फार नाजूक. मळमळ, अ‍ॅसिडिटी, अस्वस्थपणा लगेच येतो. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पुरता यायला सहा-आठ आठवडे जातात. नेमकं या मधल्या दिवसांतच माणूस म्हणतो, "सोसत नाही," आणि गोळी बंद करतो. पंचविशीच्या आतल्या तरुणांवर या दिवसांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवायला हवं, कारण त्यांच्यात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. ज्याला पूर्वी कधी अति उत्साहाचे, न झोपता धावपळीचे दिवस आले असतील त्याने ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण अशा दुहेरी आजारात एकटी नैराश्याची गोळी माणसाला उलट्या टोकाला नेऊ शकते. थायरॉइड एकदा तपासावं. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची असते.

आणि बंद करायची ती हळूहळू. पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवलं तर चक्कर, डोक्यात वीज गेल्यासारखे झटके, रडू, चिडचिड असे हाल होतात. अशी एकदम थांबायची वेळ पुरातही येते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. माणसं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली. किती जणांच्या गोळ्या कपाटातच राहिल्या असतील, आणि पुढच्या आठवड्यातली त्यांची थरथर पुराच्या धक्क्याची समजली गेली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. मदतीच्या पेट्यांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांशेजारी या गोळ्याही असाव्यात.

आत्याला आधी फ्लुऑक्सेटीन दिलं. तिला ते मानवलं नाही, होती ती भूकही गेली. सव्वा महिन्याने डॉक्टरांनी मिर्टाझापीन रात्रीची सुरू केली आणि अल्प्राझोलाम दोन महिन्यांत पाव-पाव करत उतरवली. सहाव्या आठवड्यात तिने आपणहून भाकरी थापली. आता तिच्या घरात कालनिर्णयच्या खिळ्याला पूर्ण, न कापलेली स्ट्रिप रबराने अडकवलेली असते, नाव वर करून. दुकानदाराने कात्री घेतली की ती म्हणते, "सगळंच दे. नाव दिसाय पायजे."